साडेतीन सुतांचा स्टड

मोटारीच्या इंजिनात मानकरी पुष्कळ आहेत. पिस्टनला मान आहे, क्रँकशाफ्टला आहे, आणि कार्ब्युरेटरचे नाव तर जन्मात कधी बॉनेट न उघडलेला गृहस्थही मोठ्या ऐटीत घेतो. स्टडला मात्र कुणी विचारीत नाही. विचारण्यासारखे त्यात आहे तरी काय? करंगळीएवढ्या जाडीचा एक पोलादी दांडा. दोन्ही टोकांना आटे, मधला भाग साधा, आणि बोल्टला असते तसे डोके नाही. एक टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये कायमचे रुतून बसायचे, दुसऱ्या टोकावर नट चढवायचा. काम एकच, धरून ठेवणे. जोवर तो धरून ठेवतो तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही. मग पन्नाससाठ वर्षांनी कधीतरी कुणीतरी पाना लावतो, अंगचा जोर काढतो, आणि 'कट्' असा बारीकसा आवाज होतो. पाना एकदम हलका होतो. हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

हे शास्त्र मी जवळून पाहिले ते एका १९२९ सालच्या फोर्ड मोटारीपायी. मोटारीचे मालक माझे चुलतसासरे. राहणार कोल्हापूर, वय ब्याऐंशी. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी ही मोटार जुनीच विकत घेतली होती. दर दसऱ्याला तिला हार घालून गावात एक फेरी मारायची हा त्या घरचा कुळाचार. २०२२ च्या दसऱ्याला मात्र फेरी अर्ध्यावरच संपली. बॉनेटमधून वाफ, एक्झॉस्टमधून पांढरा धूर, आणि मागे ढकलायला घरची पाच माणसे. हेडची गॅस्केट गेली होती.

मोटारीचे नाव 'मॉडेल ए'. हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' दीड कोटींच्या वर खपवली, १९२७ मध्ये ती बंद केली आणि तिच्या जागी ही आणली. पुढल्या चार वर्षांत हिच्याही पन्नास लाखांच्या जवळपास गाड्या निघाल्या. फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी १९२६ मध्ये निघाली. तिच्याकडे माल येई तो कॅनडातून, म्हणून इकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन चार सिलिंडरांचे, ३.३ लिटरचे, ताकद ४० अश्वशक्ती. व्हॉल्व्ह सगळे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे वरचे हेड म्हणजे निव्वळ एक जड झाकण. आमच्या वाचक भगिनींना हे चटकन कळेल: ब्लॉक म्हणजे कुकरचे भांडे, हेड म्हणजे झाकण, आणि मध्ये रबरी रिंगेच्या जागी गॅस्केट. कुकरला एक दांडी पुरते. येथे झाकणाखाली दर फेऱ्याला पेट्रोलचा भडका उडत असतो, म्हणून ते चौदा स्टडांनी जखडलेले असते.

या चौदांपैकी प्रत्येक स्टड ७/१६ इंच जाडीचा. आमच्याकडचे कारागीर इंचाचे आठ भाग करतात आणि प्रत्येकाला सूत म्हणतात. त्या हिशेबाने हा झाला साडेतीन सूत. अंबाबाईच्या गावात, साडेतीन पीठांपैकी एका पूर्ण पीठाच्या सावलीत, साडेतीन मुहूर्तांपैकी एका पूर्ण मुहूर्ताला ही मोटार बंद पडावी आणि तिचे दुखणे नेमके साडेतीन सुतांचे निघावे, यावर अण्णा पुढे पुष्कळ दिवस विनोद करीत असत. पहिल्या महिन्यात मात्र ते विनोद करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

त्या स्टडचे दोन्हीकडचे आटे सारखे नसतात, हे मला ठाऊक नव्हते. ब्लॉकमध्ये जाणाऱ्या टोकाला इंचाला चौदा आटे, जाड आणि खोल. नटाच्या टोकाला इंचाला वीस, बारीक. याचे कारण ब्लॉकच्या धातूत आहे. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. आपल्या घरचा बिडाचा तवा शंभर वर्षे धिरडी घालील, पण हातातून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतील. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यात बारीक आटे पाडले तर ते खरवडून निघतात, म्हणून तिकडे जाड आटे. वरचा नट पोलादाचा, स्टडही पोलादाचा. तेथे बारीक आटे चालतात, आणि नट हवा तेवढाच, केसभराच्या हिशेबाने आवळता येतो. शिवाय हेड कितीही वेळा काढा-घाला, झीज होते ती नटाच्या बाजूला. बिडातले आटे एकदा भरले की भरले. साधा बोल्ट न वापरता स्टड का वापरतात याचे उत्तर हेच. इतका शहाणपणाचा विचार एवढ्याशा दांड्यात असेल असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही.

मग असा शहाणा दांडा मोडतो का? पाण्यामुळे. हेडमधून स्टड जातो ते भोक स्टडपेक्षा किंचित मोठे असते. गॅस्केट जुनी झाली की इंजिनातले पाणी झिरपून त्या फटीत शिरते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. फट गंजाने भरते, गच्च होते, आणि हेड स्टडांना असे काही धरते की नट काढले तरी ते जागचे हलत नाही. वर नट स्टडला चिकटतो. अशा वेळी पाना नटाला फिरवीत नाही, सबंध स्टडला पिळतो. आणि गंजाने खाऊन तो जेथे सर्वांत बारीक झाला असेल, बहुधा ब्लॉकच्या पृष्ठभागाशीच, तेथे तुटतो.

दसऱ्यानंतर ज्या गॅरेजात मोटार नेली तेथे नेमके हेच झाले. चौदांपैकी अकरा नट निघाले, तीन स्टड तुटले. हेड निघेना म्हणून फटीत छिन्नी घालून उचकटले; तिचे दोन व्रण ब्लॉकवर आजही आहेत. एक स्टड वर चार सूत उरला होता. दुसरा ब्लॉकच्या अगदी बरोबरीने तुटला होता. तिसरा आत तुटला होता, आणि त्यात भोक पाडून 'इझी आऊट' नावाचे हत्यार घातले होते. हे हत्यार म्हणजे उलट्या पेचाची एक निमुळती, अतिकठीण पोलादाची खुंटी. मोडक्या स्टडला भोक पाडावे, त्यात ही ठोकावी आणि उलटी फिरवावी. ती रुतत जाते आणि स्टडला घेऊन बाहेर येते, असे तिच्या डबीवर लिहिलेले असते. पण ती निमुळती असल्यामुळे जसजशी रुतते तसतशी स्टडला आतून फुगवते. आधीच जाम झालेला स्टड आणखी जाम होतो. मग ती स्वतःच तुटते, आणि तिच्यावर कुठलाही ड्रिल चालत नाही, कारण ती ड्रिलइतकीच कठीण. नावात एवढा खोटेपणा असलेली वस्तू मी भाषेच्या अभ्यासातही फारशी पाहिलेली नाही.

त्या गॅरेजवाल्यांनी सल्ला दिला, ब्लॉक भंगारात घाला, दुसरा मिळवा. अण्णांनी तो ऐकून मोटार तशीच ओढून घरी आणली. हा निव्वळ म्हातारपणाचा हट्ट नव्हता. मॉडेल ए चा क्रमांक ठोकलेला असतो तो ब्लॉकवर, डाव्या अंगाला, पाणी आत येते त्या जागेच्या वर. तोच क्रमांक खालच्या सांगाड्यावरही असतो, पण बॉडीखाली झाकलेला. बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. नोंदणी-पुस्तकात असतो तो हा क्रमांक. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली, 'व्हीए' अक्षरांच्या पाटीची. तिची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अण्णांना ती पाटी हवी होती. ब्लॉक बदलला तर मोटार धावली असती. पण कागदावर ती कोणती मोटार, हे सांगणे अवघड झाले असते.

सात महिने मोटार ताडपत्रीखाली राहिली. २०२३ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागून मी कोल्हापुरास गेलो, तो अण्णांनी उद्यमनगरातले एक मिस्त्री शोधून ठेवलेलेच होते.

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी ते एकदा पाहावे. अरुंद गल्ल्या, एकाला एक चिकटलेल्या शेड, प्रत्येकीत एक लेथ किंवा एक भट्टी, आणि हवेत तापल्या तेलाचा वास. शेतावरच्या ऑइल इंजिनांपासून मोठाल्या कारखान्यांच्या बिडाच्या ओतीव भागांपर्यंत या गावाने काय काय केले याची गणती नाही. आमचे मिस्त्री सत्तरीचे. अंगाने काटकुळे, कानावर बिडी, डोळ्यांना दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, ब्लॉकवर हात फिरवला, इझी आऊटचे तुटके टोक नखाने चाचपले आणि विचारले, "अण्णा, हे कुणी घातलं?"

अण्णांनी सांगितले.

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि तो विषय संपला. पुढे अकरा दिवसांत त्या गॅरेजविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत.

अण्णांना रोज उद्यमनगरापर्यंत येणे झेपत नसे. मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसा तेथे. काय होतंय ते मला संध्याकाळी सांगा." अशा रीतीने मी रोज सकाळी एका उलट्या डब्यावर बसू लागलो. हातात बॅटरी धरणे हे माझे काम.

पहिला वाद झाला तो पेट्रोलच्या टाकीवरून. मॉडेल ए ला पेट्रोलचा पंप नाही. टाकी असते ती बॉनेटच्या लगेच मागे, बसणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर, आणि पेट्रोल तेथून आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणजे इंजिन आणि टाकी यांच्यात एका पत्र्याचे अंतर. जाम स्टडला आच तर दिली पाहिजे. टाकी रिकामी करून तेथेच गॅस पेटवावा, असे अण्णांचे म्हणणे. इंजिन उतरवण्याची मजुरी वाचेल. मिस्त्रींनी मान हलवली. "रिकामी टाकी जास्त वाईट, सर. पेट्रोल जळतं, पण त्येची वाफ फुटती." हे अक्षरशः खरे आहे. भरल्या टाकीत हवेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे असे मिश्रण साठते की एक ठिणगी पुरते. इंजिन चेनने उचलून बाहेर काढण्यात अख्खा एक दिवस गेला. संध्याकाळी मी अण्णांना वाफेचे सांगितले, ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असू दे, काढू दे."

चार सूत वर उरलेल्या स्टडपासून सुरुवात झाली. मिस्त्रींनी आधी गॅसच्या मंद ज्योतीने त्याच्या भोवतालचा वीतभर भाग सावकाश कोमट केला. एकाच जागी एकदम आच दिली तर बीड तडकते. मग ज्योत मोठी करून फक्त स्टड लाल केला आणि तसाच निवू दिला. पाणी नाही, ओले फडके नाही, काही नाही. पुन्हा लाल, पुन्हा थंड. तिसऱ्या खेपेस तो काळपट झाल्यावर त्याच्या मुळाशी त्यांनी देवळातली असते तसली साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळले आणि दिसेनासे झाले.

यात जादू नाही. लाल झालेला स्टड फुगू पाहतो, पण भोवतालचे थंड बीड त्याला फुगू देत नाही. मग मऊ झालेला तो आतल्या आत चेपला जातो. निवला की मूळच्यापेक्षा केसभर बारीक होतो. तेवढ्याने गंजाची पकड तुटते, आणि त्या केसभर फटीत पातळ झालेले मेण वातीत तेल चढावे तसे ओढले जाते. थंडपणी ओतलेले तेल जेथे पोचत नाही तेथे मेण पोचते. थंडपणी घालण्यासाठीही मिस्त्रींकडे एक मिश्रण होते: ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचे पातळ तेल समसमान. ते रात्री घालून ठेवीत. पण त्यांचा भरवसा मेणावर.

मग पाना. मला वाटले, आता सोडवायचे. मिस्त्रींनी उलट तो आधी आवळला. "आदी पुढं, मग मागं," ते म्हणाले. पुढे केसभर, मागे केसभर. स्टड बारीक कुरकुरला. आणखी मेण. पुढे, मागे. पाव फेरा मोकळा झाला की पुन्हा उलटा आत घ्यायचा, म्हणजे सुटलेला गंज पुढे साचून अडत नाही. एक इंचाचा तो तुकडा बाहेर यायला पाऊण तास लागला. आटे झिजलेले होते, पण बिडातले शाबूत.

दुसरा, बरोबरीने तुटलेला. त्याला धरायला जागाच नव्हती. मिस्त्रींनी त्यावर एक वॉशर ठेवला, वॉशरवर एक मोठा नट, आणि नटाच्या पोकळीतून वेल्डिंग करून नट त्या तुकड्याला जोडून टाकला. वेल्डिंगचा रस बिडाला धड चिकटत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या आट्यांना धोका कमी. आणि त्या उष्णतेने स्टडची पकडही सुटते. नट दोनदा तुटून हातात आला. तिसऱ्यांदा फिरला.

आता उरले ते न तुटलेले अकरा. हे काढण्याची काय गरज, असा अण्णांचा सवाल मी घेऊन गेलो. मिस्त्रींनी त्यातल्या एकावरचा गंज तारेच्या ब्रशाने घासून दाखवला. मध्यावर तो एवढा खंगला होता की साडेतीनाचा अडीच सूत उरला असेल. "ह्येला परत आवळला तर हेडावरच मोडंल," ते म्हणाले. अकरांनाही तीच आच, तेच मेण, तेच मागे-पुढे. दहा निघाले. अकरावा, रांगेत नववा असलेला, मिस्त्रींच्या हातात मोडला. त्यांनी पाना खाली ठेवला, चहा मागवला, तो पूर्ण प्याले आणि म्हणाले, "ह्यो माझा." मग उठून वॉशर आणि नट शोधू लागले. एकूण चौथा तुकडा तो, संध्याकाळपर्यंत बाहेर होता.

खरे संकट तिसऱ्याचे, इझी आऊट अडकलेल्याचे. गल्लीतल्या दोघातिघांनी तो पाहिला. एकाचे मत पडले, कठीण टोकाच्या पंचने ठोकून त्याचा चुरा करावा. काच असते तसे ते ठिसूळ असते. हा उपाय खोटा नव्हे, पोलादी वस्तूत अडकले असते तर मिस्त्रींनी केलाही असता. पण येथे एका बाजूला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला पाण्याची पोकळी, मध्ये बिडाची बारीक भिंत. "भिंत गेली तर नंबर ऱ्हाईल आन् ब्लॉक जाईल," ते म्हणाले. ब्लॉक टेंपोत घालून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत न्यायचे ठरले. तेथे साचे करणाऱ्या एका कारखान्यात ठिणगीने धातू कोरणारे यंत्र होते. मिस्त्री त्याला 'स्पार्क' म्हणतात.

त्या यंत्रात हत्यार फिरत नाही आणि वस्तूला स्पर्शही करीत नाही. तांब्याची एक कांडी वस्तूच्या अगदी जवळ आणतात. दोन्ही तेलात बुडालेली. कांडी आणि वस्तू यांच्यामध्ये सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण वितळवून उडवते. वस्तू किती कठीण आहे याच्याशी ठिणगीला कर्तव्य नाही. वीज वाहून नेणारी असली म्हणजे झाले. यंत्र चालवणारा पंचविशीतला डिप्लोमाधारी मुलगा मिस्त्रींना काका म्हणत होता. ब्लॉक टाकीत मावेना, म्हणून त्याने भोकाभोवती पत्र्याचे कडे मातीने चिकटवून एक छोटे तळे केले आणि त्यात तेल खेळते ठेवले. मिस्त्री हात मागे बांधून उभे. तेलाखाली निळसर चकचक, वर बारीक बुडबुडे, आणि पाल चुकचुकावी तसा आवाज. सव्वा तासाने मुलाने कांडी वर घेतली. इझी आऊटची काळी भुकटी तेलात तरंगत होती. मिस्त्रींनी भोकात काडी घालून खोली मोजली आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. येताना टेंपोत मला म्हणाले, "हे आमच्या टायमाला पायजे हुतं."

तरी स्टडचे कवच आत होतेच, आणि पहिल्या गॅरेजातले भोक मध्यावर नव्हते. एका बाजूला सरकून त्याने बिडातले आटे खाल्ले होते. तिरप्या भोकात ड्रिल घातला तर तो तिरपाच जाणार. मिस्त्रींनी एक जाड पोलादी पट्टी घेतली, नव्या गॅस्केटवरून शेजारच्या दोन भोकांच्या जागा तिच्यावर उतरवल्या, आणि मध्ये, जेथे स्टड असायला हवा होता तेथे, एक वाटाड्या बुश बसवला. पट्टी शेजारच्या भोकांत बोल्टने आवळली. आता ड्रिल त्या बुशातून जाई आणि त्याला इकडेतिकडे सरकायला वाव नव्हता. एक सूत, दोन सूत, तीन सूत असे चढत्या मापाने ड्रिल घातले. तीन सुतांनंतर स्टडचे फक्त आटे उरले, स्प्रिंगसारखे वेटोळे. चांगल्या बाजूचे सुईने उचकटून निघाले. खाल्लेल्या बाजूला मात्र नव्या स्टडला धरायला काही नव्हते. तेव्हा भोक किंचित मोठे करून नवे आटे पाडले आणि त्यात स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवले. त्याच्या आत पुन्हा साडेतीन सुतांचे, इंचाला चौदा, असे मूळ आटे मिळतात. जाड बुश ठोकण्यापेक्षा याला बीड कमी खावे लागते. पाण्याची पोकळी शाबूत राहिली. क्रमांकाची जागा तर कुणी बोटानेही घासली नाही.

नवे स्टड अमेरिकेहून मागवलेले होते. तेथे या मोटारीचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. चौदांचा संच टपालाने आला. मिस्त्रींनी प्रत्येकाचे आटे गेजने तपासले, दोन्ही टोकांनी, आणि मगच संच हातात घेतला. त्याआधी चौदाही भोकांतून टॅप हाताने फिरवून आटे साफ केले आणि हवेच्या फवाऱ्याने तळ कोरडा केला. या कोरडेपणाबद्दल ते फार काटेकोर. भोके तळाशी बंद. आत चमचाभर तेल राहिले आणि वरून स्टड फिरवला तर तेलाला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने बीड आतून फुटते. स्टड त्यांनी पान्याने लावलेच नाहीत, बोटांनी बसवले, तळाला टेकल्यावर केसभर मागे घेतले. आवळायचा असतो तो नट.

नट आवळणे हाही एक विधी आहे. मधल्यापासून सुरुवात, मग आळीपाळीने दोन्ही बाजूंना बाहेर. म्हणजे गॅस्केट मध्यातून कडांकडे सपाट होत जाते. एका दमात नव्हे, तीन फेऱ्यांत, शेवटी ५५ फूट-पौंडांपर्यंत. त्यासाठी मिस्त्रींकडे काटा असलेला पाना होता. जोर जास्त दिला तर घट्ट बसेल, हा आपला घरगुती समज. स्टड खरे तर एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. योग्य जोराने तो किंचित ताणला जातो, आणि परत आखडण्याच्या त्याच्या ओढीनेच हेड दाबलेले राहते. त्यापुढे ताणला तर तो ओढ हरवून बसतो, किंवा बिडातले आटे घेऊन वर येतो.

इंजिन परत बसवून सुरू केले तेव्हा अण्णा स्वतः आले होते. पहिल्यांदा ते फुसफुसले, दुसऱ्यांदा लागले. रेडिएटरात बुडबुडे आहेत का हे मिस्त्री झाकण उघडून पाहत राहिले, नव्हते. अर्धा तास तापवून बंद केले आणि इंजिन गरम असतानाच नट पुन्हा आवळले. सगळे थोडे थोडे आत गेले, कारण नवी गॅस्केट तापून दबते. पाण्यात आता गंजरोधक द्रावण असते. त्याबद्दल मिस्त्रींनी अण्णांकडून वचन घेतले.

हे आवळणे पुन्हा शंभर मैलांनी आणि मग पाचशे मैलांनी करायचे होते. अण्णांनी त्यासाठी एक दोनशे पानी वही घातली. तारीख, मैल, चौदा नटांचे चौदा रकाने. शंभर मैलांच्या ओळीत नऊ रकान्यांत 'किंचित' असे लिहिले आहे. पाचशे मैलांच्या ओळीत तेरा ठिकाणी शून्य, आणि तारेचे वेटोळे बसवलेल्या जागी 'केसभर'. मिस्त्रींना फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या दसऱ्याला बगू."